झाकणाखालचे पाहुणे

तुळशीराम मिस्त्रींचं नाव आधी लिहिते. माझ्या हातून काय झालं ते मागाहून सांगेन. ते आधी सांगायला बसले तर लाजेनं हात थांबेल आणि मिस्त्रींचं राहूनच जाईल.

मी आज घरापासून फार लांब, गुजरातेत आहे. इथल्या कारखान्यांचं सांडपाणी एका जागी येतं आणि शेवटी पाणकणसाच्या, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या उंच गवताच्या, लांबच लांब वाफ्यांतून जातं. ते वाफे सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. शाळा मी सातवीत सोडली. आई अंथरुणाला खिळलेली, पाठची दोन भावंडं लहान. शाळेचं कुणी मनावर घेतलं नाही, मीही नाही. सातवी शिकलेल्या बाईकडे हे काम कसं आलं, असं इथे कुणी विचारलं की मी म्हणते, आमच्या दुसरबीडला एक निकल चढवणारे मिस्त्री आहेत. एवढं सांगून कुणाला काही कळत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिस्त्रींची शेड गावाबाहेर रस्त्याला लागून. मोटरसायकलचे सायलेन्सर, नळाच्या तोट्या, देवळातल्या समया, बँडवाल्यांची वाजंत्री, काहीही आणून द्या, चकाकवून देणार. माझं माहेर तिकडे वर, जळगाव जामोदकडे. लग्न होऊन इकडे आले. नवरा वेल्डिंगची कामं धरून गावोगाव फिरायचा, म्हणून तिशी ओलांडताना मी मिस्त्रींकडे कामाला लागले. टाकीतून निघालेला माल साध्या पाण्यात धुवायचा, लाकडाच्या भुशात घोळून कोरडा करायचा आणि पुसायचा.

पहिल्या दिवशी मला दिसली ती त्यांची नखं. हिरवट. निकलची टाकी तशाच रंगाची असते, आणि तीस-चाळीस वर्षं त्या टाकीशी काढलेली ती नखं. बाकी माणूस उंच, काटकुळा, पायजमा पोटऱ्यांच्या वर ओढलेला आणि कानाला कायम एक तांब्याच्या तारेचा तुकडा अडकवलेला. सुतार पेन्सिल अडकवतो तसा.

दुसरी गोष्ट त्यांचं मोजणं. टाकीतून वस्तू वर काढली की ती टाकीवरच धरून ठेवायची आणि मोठ्यानं अकरापर्यंत मोजायचं. मी घाईनं उचलायला गेले की म्हणायचे, "थांब वं. त्याले रडू दे."

"कोणाले?"

"त्या तोटीले. तिचं रडणं तिच्याच टाकीत पडलं पाहिजे. धुण्याच्या पाण्यात पडलं तं मंग साऱ्या गावाले रडावं लागते."

हे मोजणं इतकं अंगात मुरलेलं होतं, की चहात बिस्किट बुडवून वर काढलं तरी ते कपावर धरून मोजायचे. सातावर-आठावर बिस्किट तुटून कपात पडायचं. रोज पडायचं. आणि रोज ते कपाकडे असे बघायचे, जसं काही हे आजच पहिल्यांदा घडलं आहे.

पण हे मोजणं जन्मापासूनचं नव्हतं. ते गोकर्णाबाईंनी लावलं.

शेडच्या खालच्या अंगाला गोकर्णाबाईंची भाजीची वाडी. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. शेडमधलं धुण्याचं पाणी वर्षानुवर्षं एका चरातून नाल्याला जायचं, आणि नाल्यातून त्यांच्या वाफ्यांत. मी कामाला लागण्याच्या आधीची ही गोष्ट, पण मिस्त्रींनी ती मला इतक्या वेळा सांगितली की मी तिथे उभी होते असंच वाटतं. एका सकाळी गोकर्णाबाई पिवळी पडलेली मेथीची जुडी घेऊन शेडमध्ये आल्या. भांडल्या नाहीत. जुडी टेबलावर तोट्यांच्या ओळीत ठेवली आणि म्हणाल्या, "मिस्त्री, यालेबी निकल चढवून द्या. बाजारात चमकल तरी."

आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाल्याच्या तोंडाशी फरशी उभी करून, चिखलानं लिंपून पाणी बंद केलं. तेव्हापासून दोघांचं बोलणंही बंद.

"शिव्या देल्या असत्या तं मी दोन परत देल्या असत्या," मिस्त्री म्हणायचे. "पण त्या बाईनं जुडी ठेवली वं शोभा. जुडीले काय शिवी देऊ?"

जालन्याला कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांच्या प्रयोगशाळेतली पितळी स्टँडं मिस्त्रींनी पूर्वी चकाकवून दिली होती. मिस्त्री ती जुडी घेऊन त्यांच्याकडे गेले. मॅडमनी जे सांगितलं ते परत येऊन त्यांनी कोळशानं शेडच्या भिंतीवर लिहिलं. मी कामाला लागले तेव्हा ते अजून होतं. "पहिले सांडू नको. मग पाव्हणे. मग झाड. घाई नाही." मॅडमचे शब्द वेगळे असणार, भिंतीवर मिस्त्रींचे होते. त्यातल्या 'सांडू नको'पासूनच ते अकरापर्यंतचं मोजणं सुरू झालं.

पाव्हणे म्हणजे डोळ्याला न दिसणारे जीव. नाल्याच्या तळाच्या काळ्या गाळात ते असतात. मिस्त्रींनी तसला गाळ आणून तीन निळ्या ड्रममध्ये भरला, त्यात शेण घातलं आणि झाकणं सायकलच्या ट्यूबनं आवळून टाकली. हवा आत जाता कामा नये. या जिवांना हवा सोसत नाही. टाकीतलं कडक पाणी त्यात कधीच सोडायचं नाही, फक्त धुण्याचं सौम्य पाणी, तेही हळूहळू. आठवड्याला गुळाचं पाणी पाजायचं. मग ते जीव आतल्या आत एक वायू सोडतात, पाण्यात विरघळलेलं निकल त्या वायूला धरतं, काळं होतं आणि तळाला बसतं. तिथून पाणी खडीच्या वाफ्यात. तिथे पाणकणीस, पुरुषभर उंच, मुळं सगळी चिखलात. शेवटी एका हौदात जलपर्णी, उरलंसुरलं मुळांनी ओढून घ्यायला. आणि मग बाहेर.

सकाळी शेड उघडली की मिस्त्रींचा पहिला प्रश्न, "पाव्हणे जेवले का?"

ड्रमशी गेलं की सडक्या अंड्यासारखा वास यायचा. पहिल्या आठवड्यात मी नाकाला पदर लावून काम केलं. मिस्त्री खूश. "वास येऊन राह्यला म्हंजे पाव्हणे खुशीत हायत. ज्या दिवशी वास नाई आला त्या दिवशी घाबर."

मला तर सगळ्याचीच भीती वाटायची. झाकण नीट लागलंय का हे मी तीनदा जाऊन बघायची. नळ बंद केला तरी परत जाऊन हात लावायची. याला शेडमधले बाकीचे कामगार हसायचे. मिस्त्री एकदाच म्हणाले, "हसू नका बे. या कामाले असंच माणूस लागते." एवढंच. पण माझ्या घाबरटपणाला कुणी काही उपयोग आहे असं म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

पाणी तपासायला जालन्याला न्यायचे. स्वतः, एसटीनं, बाटली मांडीवर उपरण्यात गुंडाळून. एकदा मीही बरोबर होते. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थबकला. "काकाजी, बाटलीत काय हाय? दारू तं नाई?"

"दारू असती तं तू इचारलं नसतं," मिस्त्री म्हणाले, "मांगितली असती."

सगळी गाडी हसली. कंडक्टरनं बाटली उजेडात धरली. "हे तं साधं पाणी हाय. काचेसारखं."

"तेच तं पाहाले चाललो. डोळ्याले साधं दिसते."

तपासणीचा कागद आला की मॅडमकडून वाचून घ्यायचे आणि घरी न जाता आधी गोकर्णाबाईंच्या कुंपणावर अडकवून यायचे. बोलणं बंद होतं ना. मग एक दिवस कुंपणापलीकडून उत्तर आलं. गोकर्णाबाई भुईमूग निंदत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "एका कागदानं फरशी निघत नसते. लागोपाठ तीन सारखे आले तं पाहू."

त्या दिवशी मिस्त्रींनी बिस्किट बुडवलं आणि मोजायचं विसरले.

मधे शेळीची भानगड झाली. जलपर्णी वाढली की ती काढून, वाळवून, पोत्यांत भरून ठेवायची. अशा कचऱ्याची गाडी कधीतरी येऊन ती घेऊन जायची. पोत्यांवर मिस्त्रींनी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "जनावराले नाही. खताले नाही." पण शेळीला कुठे वाचता येतं? गोकर्णाबाईंची शेळी कुंपणातून घुसली आणि ओली जलपर्णी तोंडात धरून पळाली. मागे मिस्त्री, हातात निकलची सळई, पायजमा सावरत, थेट एसटी थांब्यापर्यंत. लोक उभे राहून बघताहेत. मिस्त्रींनी शेळीचा जबडा उघडून, हात आत घालून पाला काढला. तोवर गोकर्णाबाई धापा टाकत आल्या.

"माही शेळी काऊन मारून राह्यले हो तुमी?"

"मारून नाई राह्यलो, वाचवून राह्यलो! झाडानं इष गिळलं म्हंजे ते सरलं का? ते झाडात हाय. तिच्या पोटात गेलं असतं, मंग दुधात, मंग तुमच्या नातवाच्या पेल्यात."

गोकर्णाबाईंनी शेळीकडे पाहिलं, मग मिस्त्रींच्या हाताकडे. शेळीनं चांगलाच चावा घेतला होता. "हळद लावा," असं म्हणून त्या शेळीला ओढत घेऊन गेल्या. इतक्या दिवसांनंतरचं हे त्यांचं समोरासमोरचं पहिलं बोलणं.

पहिला कागद चांगला आला. दुसराही. तिसरा दसऱ्यानंतर न्यायचा होता. तो चांगला आला की गोकर्णाबाई थंडीच्या मेथीला तेच पाणी घेणार, असं ठरल्यासारखं झालं होतं.

आता माझं.

दसऱ्याला शेडमधल्या सगळ्या अवजारांची पूजा असायची. आदल्या दिवशी मिस्त्री झेंडूची फुलं आणायला देऊळगाव राजाला गेलेले. आम्हाला सांगून गेले होते, सगळं लख्ख धुऊन ठेवा. मी मोटर पुसली, पॉलिशचं चाक पुसलं, हूक घासले, जमीन धुतली. आणि मग मला ते तीन ड्रम दिसले. बाहेरून चिकट, आतून वास मारणारे. उद्या पूजा. देवाच्या नावाचं हळदीकुंकू या घाणीला लावायचं? मला खरंच वाटलं की मिस्त्रींना बरं वाटेल. मी ट्यूब सोडल्या, झाकणं काढली, ड्रम आडवे केले. तिन्हींतला काळा गाळ घमेल्यांनी पाणकणसाच्या वाफ्यात नेऊन ओतला. काळाभोर आहे, झाडांना खत होईल, असं मनात. मग सोड्यानं घासून तिन्ही ड्रम असे निळेशार केले, आणि तोंडं उघडी ठेवून उन्हात वाळत घातले.

रोज ज्यांना गूळ पाजत होते, ते त्या गाळातच राहतात हे मला माहीत होतं. माहीत असून त्या क्षणी आठवलं नाही. सणाची साफसफाई म्हटली की हात आपोआप चालतात.

मिस्त्री फुलांची पिशवी घेऊन आले. शेडच्या दारातच थबकले. त्यांनी नाकानं दोनदा श्वास घेतला. वास नव्हता.

ड्रमपाशी गेले. आत वाकून बघितलं. मी कोपऱ्यात उभी. तोवर माझ्याही लक्षात आलं होतं. त्यांनी एका ड्रमच्या आतून बोट फिरवून पाहिलं. मग खाली बसले आणि म्हणाले, "लय चांगले घासले वं."

मला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. मी रडायला लागले. आणि मग, मला आजही खरं वाटत नाही, पण त्यांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. अकरापर्यंत. मग म्हणाले, "झालं रडून? आता सांग, गाळ कुठी टाकला?"

"पाणकणसात."

ते उठून वाफ्याकडे धावले. खडी बाजूला सारून कोपरापर्यंत हात चिखलात घातला, मूठभर काळं वर काढलं, हुंगलं. "सारे नाई मेले. मुळाखाली हवा नसते, तिथी दडून बसले असतील. पाव्हणे घर बदलून गेले, एवढंच. बोलावून आणू."

पण बोलावून आणायला महिने लागणार होते, आणि तोवर धुण्याचं पाणी जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी अवजारांची पूजा झाली आणि मिस्त्रींनी टाक्यांवर फळ्या टाकल्या. काम बंद. पुढे दिवाळी, तुळशीचं लग्न, लग्नसराई. बँडवाले वाजंत्री घेऊन यायचे, तेव्हा मिस्त्री दारात हात जोडून उभे, "पाव्हणे आजारी हायत. जालन्याले जा, बाप्पा." बँडवाल्यांना वाटायचं, घरात खरंच कुणी आजारी आहे. एकजण तर नारळ घेऊन भेटायला आला.

मला झोप लागेना. तिसरा कागद राहिला होता. एका दुपारी मी घाबरत घाबरत म्हटलं, "काका, एक बाटली हापशीच्या पाण्याची भरून नेली तं? कागद तं चांगलाच येईल. गोकर्णाबाईले काय समजणार हाय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा डाग नीट पुसला गेला नसेल तर बघायचे तसं. "कागद कोणासाठी हाय वं? माह्यासाठी का तिच्या मेथीसाठी?"

मग ते उठले, गोकर्णाबाईंच्या कुंपणाशी गेले. मी मागे. वाटेत मी ठरवत होते की आपणच सांगायचं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "बाई, माह्याच हातानं ड्रम धुतले गेले. यंदाच्या मेथीले पाणी नाई देऊ शकत. पहिले दोन कागदबी फाडून टाका. एकपासून मोजू."

गोकर्णाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. माझी मान खाली. त्यांना कळलं असणार. बायकांना दसऱ्याची साफसफाई कळते. पण त्या एवढंच म्हणाल्या, "हाव. एकपासून."

परत येताना मी म्हटलं, "काका, तुमी काऊन आपलं नाव सांगतलं?"

"शेड कोणाची हाय?" एवढं म्हणून त्यांनी ड्रमच्या झाकणांच्या तिन्ही ट्यूब माझ्या हातात दिल्या. "आजपासून पाव्हण्यांचं सारं तुह्याकडं. ज्यानं एकदा झाकण उघडलं तो आता कोणालेच उघडू देणार नाई."

त्या हिवाळ्यात मी जे शिकले ते कुठल्या शाळेत शिकवत असतील का, ठाऊक नाही. पाणकणसाच्या मुळांखालचा चिखल किती घ्यायचा, गूळ किती, शेण कुठलं, कोवळ्या उन्हात ड्रम कधी सरकवायचा. रोज जाऊन ड्रमला नाक लावायचं. शेवटी एका सकाळी तो घाण, सडका वास आला आणि मी शेडमधून ओरडत बाहेर धावले, जसं काही घरात पोर झालंय.

पुढच्या वर्षी तिन्ही कागद लागोपाठ चांगले आले. गोकर्णाबाईंनी फरशी काढली. पहिल्या मेथीतली थोडी आधी मिस्त्रींनी तपासायला नेली. ती निर्दोष आली तेव्हाच बाकीची बाजारात गेली. त्यानंतर गोकर्णाबाई एक जुडी घेऊन शेडमध्ये आल्या, त्याच टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "याले निकल नका चढवू. आपसूकच चमकून राह्यली."

मिस्त्री जुडीकडे बघत राहिले. मग ती उचलून त्यांनी झटकली, पाणी होतं तिच्यावर, आणि सवयीनं टेबलावर धरून मोजायला लागले. गोकर्णाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

त्यानंतर नवऱ्याला इकडे गुजरातेत पक्कं काम लागलं आणि निघायची वेळ आली. मिस्त्री थांब्यावर आले होते. हातात प्लॅस्टिकची बाटली, तोंडापर्यंत काळ्या चिखलानं भरलेली, झाकणावर सायकलची ट्यूब आवळलेली. "पाव्हणे सोबत ने. कुठी ना कुठी कामी येतील." मी घाबरले, एवढ्या प्रवासात गळली तर? तेव्हा त्यांनी बाटली उलटी केली, आपल्या हिरव्या नखांच्या तळहातावर धरली आणि गाडीचा हॉर्न वाजत असताना शांतपणे अकरापर्यंत मोजलं. एक थेंब नाही. मग बाटली खिडकीतून माझ्या हातात दिली. गाडी वळेपर्यंत ते कोरडा तळहात तसाच उंच धरून उभे होते, मला दिसावा म्हणून.

मी पाहिलेले मिस्त्री ते तेवढेच. त्यानंतर फोनवरचे.

इथे कामाला विचारायला गेले तेव्हा साहेबांनी शिक्षण विचारलं. मी सांगितलं, आणि उठायला लागले. दारातून वाफ्यांकडच्या टाकीचा वास येत नव्हता. मी भीत भीत म्हटलं, "साहेब, तुमच्या टाकीला वास नाही. आतले जीव उपाशी असतील." महिनाभर टाकी नीट चालत नव्हती आणि ते त्याच काळजीत होते; त्यांनी मला परत बसायला सांगितलं. ती बाटली इथल्या एका छोट्या टाकीत ओतली, आणि तिथून पुढे मोठीत. आता माझ्या हाताखाली दोन बायका आहेत. मला बेन, म्हणजे ताई, म्हणतात. झाकण उघडं ठेवलं तर मी ओरडत नाही. मोजते.

गेल्या महिन्यात फोन केला तर मिस्त्रींचा आवाज बसलेला. डोळ्याचं ऑपरेशन झालं, दोनेक महिने शेड बंद होती, उन्हात ट्यूबा चिरल्या, ड्रम सुकले. पाणकणीससुद्धा वाळून गेलं. "यावेळी पाव्हणे खरंच गेले वं शोभा. अन् आता मले चिखलात काही दिसतबी नाई." फळ्या टाकल्यात, म्हणाले. गोकर्णाबाईंना स्वतः जाऊन सांगून आले.

काका, मी येते. रजा कधी मिळेल ते अजून कळलेलं नाही, आणि वाटेत कुणी बाटलीबद्दल विचारलं तर तुमच्यासारखं उत्तर मला सुचणार नाही. पण तुमचेच पाव्हणे इथे मोठ्या टाकीत सुखात आहेत, त्यांतले एक बाटलीभर घेऊन मी एक ना एक दिवस दुसरबीडच्या थांब्यावर उतरेन. तुम्हाला दिसलं नाही तरी चालेल. तुमच्या तळहातावर ती उलटी धरीन आणि अकरापर्यंत मोजीन. मग तिन्ही ड्रम भरून, वास आल्यावरच परत जाईन.